धुतलेली राख

आमच्या घरी राख कधी टाकली जात नसे. देवघराशी लोक चपला काढतात, आमच्याकडे राखेच्या पाटीपाशीही काढाव्या लागत. धंदाच तसा होता, झारेकऱ्याचा. सोनाराच्या दुकानातला केर, त्याच्या शेगडीतली राख, कारागीर हात धुतात त्या मोरीतला गाळ, असलं सगळं गोळा करून आणायचं, जाळायचं, कुटायचं, घमेल्यात पाणी घालून हलवत हलवत धुवायचं आणि तळाशी जे चार कण चमकतील ते पाऱ्यानं उचलून घ्यायचे. दुसऱ्यांच्या केरावर आमचं घर चालायचं. मला त्याची लाज कधी वाटली नाही. लाज वाटायला लागली ती फार पुढं, आणि ती केराची नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांच्या नजरेला गुजरीत, सोनारांच्या बाजारात, मान होता. घमेलं नुसतं तिरकं धरून ते सांगायचे की या राखेत काही आहे किंवा नाही. आम्हाला दिसायचा नुसता काळा चिखल. त्यांना त्यात मोहरीच्या दाण्याहून बारीक असा कण दिसायचा, आणि तो तिथं असायचाच. तीन पाण्यांतून धुऊन सोनं काढलं की उरलेली राख आई उन्हात वाळवायची आणि मोरीजवळच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. तिनंच भांडी घासायची. मंगळवार पेठेत घरोघरी साबणाच्या वड्या आल्या तरी आईनं डबा सोडला नाही. ती म्हणायची, कितीबी धुतली तरी लक्ष्मी थोडी उरतीच, ती बाहेर कशाला घालवायची.

आणि आमच्याकडची पोरं ती राख खायची. हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे विचित्र बघतात, पण आमच्यात त्याचं काही वाटायचं नाही. पोर रांगायला लागलं की पहिलं डब्याकडं जायचं. दुसऱ्यांच्या आया माती खाल्ली म्हणून पाठीत धपाटा घालतात, आमची आई पदरानं तोंड पुसायची आणि शेजारणीला कौतुकानं सांगायची, "झारेकऱ्याचं हाय न्हवं, धंदा वळकतंय." आबांनी खाल्ली होती, मी खाल्ली होती. आम्हाला काही झालं नाही. कोळशाची, लाकडाची राख ती, काय होणार होतं?

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तोवर आबांचा धंदा बसला होता. सोनारांच्या दुकानांत फरशा आल्या, काचा आल्या. दागिने बाहेरून तयार येऊ लागले आणि पेढीवर बसून घडवणारे कारागीर एकेक करून उठून गेले. जो थोडा केर निघायचा तो मोठे लोक एकदम उचलायचे. आबा उंबऱ्यात बसून राहायचे. हाताला काम नसलेला कसबी माणूस घरात असणं फार वाईट असतं. तो कुणाला काही म्हणत नाही, नुसता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो, आणि घरातल्या सगळ्यांना आपलंच काही चुकल्यासारखं वाटतं.

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मेलेल्या मदरबोर्डांचा ढीग होता. गिऱ्हाइकं जुना कॉम्प्युटर सोडून जायची आणि मालकाला त्याचं काय करायचं ते कळायचं नाही. असला माल परवाना असलेल्या कारखान्यात पाठवायचा असा नियम आहे, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पण तो कारखाना कुठं आहे आणि तिथं चार किलो माल न्यायचा कसा, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एके दिवशी मी त्यातल्या दोन मेमरी पट्ट्या खिशात घालून घरी आणल्या. त्यांच्या कडेला पिवळे दात असतात. त्या आबांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणालो, "आबा, ह्ये बगा बरं. सोनं हाय की."

आबांनी नखानं खरवडलं. उठून कसोटीचा दगड शोधून आणला, ओढून बघितलं, वर तेजाबाचा थेंब टाकला. मग कितीतरी महिन्यांनी हसले. "मुलामा हाय," म्हणाले, "पन सोनंच हाय." त्या दिवशी जगातला सगळ्यात चांगला मुलगा मी होतो. मला तसं खरंच वाटलं होतं, ते लपवण्यात आता अर्थ नाही. ही सगळी कल्पना माझी होती. आबांची नव्हे, आईची तर नव्हेच.

मग माल येऊ लागला. आधी आमच्या दुकानातला, मग भंगारवाल्यांकडचा, पुढं इचलकरंजीहून मागांची बंद पडलेली कंट्रोल पॅनेलं, टीव्ही, मोबाईल, मोडेम. मालक खूश, भंगारवाले खूश, लोकांची घरं साफ झाली. पट्ट्यांवरचं सोनं सोलून निघायचं, पण आबांना सगळ्या बोर्डातलं हवं होतं, आणि त्यांना एकच रीत माहीत होती. जाळायचं, कुटायचं, धुवायचं. पहिल्यांदा घरामागच्या परड्यात जाळलं तेव्हा गल्ली भांडायला उठली, कारण तो धूर घशात नखं लावायचा. म्हणून आम्ही गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आडोशाला ड्रम ठेवला. तिथं जाळायचो आणि राख पोत्यांत भरून घरी आणायचो. धूर घरात येत नव्हता म्हणून आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो.

राख आबांनी तीन पाण्यांतून धुतली. सोनं काढलं. उरलेली आईनं वाळवली आणि डब्यात भरली. तिला कुणी भर म्हणालं नव्हतं. भरू नको असंही कुणी म्हणालं नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली, "ही राख लई जड हाय बग. भांडी कशी झक्क निघत्यात."

माझी मुलगी त्याच सुमाराची. ती लवकर बोलायला लागली. दीड वर्षाची असताना ती आबांच्या मांडीशी बसायची आणि ते घमेलं हलवायचे तेव्हा त्यांच्यामागनं म्हणायची, एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. पुढं कधीतरी चार, पाच असं करत दहा पाण्यांपर्यंत गेली. आबा म्हणायचे, एवढं धुतलं तर सोनं बी वाहून जाईल की गं. ती हसायची. ती फार हसायची.

आणि ती राख खायची. माझी बायको निपाणीकडच्या एका शेतकरी घरातली. तिनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोरीच्या हातावर चापट मारली आणि डबा उचलून वर ठेवला. आईनं तो परत खाली ठेवला. बायको माझ्याकडं बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. मी हसलो. म्हणालो, "अगं, मी बी खाल्लीया. आमच्यात सगळ्यांनी खाल्लीया." तिनं डबा पुन्हा उचलला नाही. सासरी नवीन होती, माझं ऐकायची. नंतर मी या वाक्याची पुष्कळदा तोडमोड करून बघितली, पण ते माझ्याच तोंडून निघालं होतं.

तिसऱ्या वर्षात पोर किरकिरी झाली. पोट धरून रडायची, चार चार दिवस शौचाला व्हायची नाही, तोंडावर रक्त दिसायचं नाही. जेवण नको म्हणायची, पण डब्याकडं मात्र जायची. जंताचं औषध झालं. दृष्ट काढली. आई तिला घेऊन जोतिबाला गेली, नवस बोलली आणि पोर गुलालानं माखून परत आली. त्या गुलालाखाली तिचा रंग किती उतरला होता ते मला संध्याकाळी अंघोळ घातल्यावर दिसलं. मग तिचे शब्द जायला लागले. आधी पाणी दहावरनं सहावर आलं, मग तीनवर. चिमणीला ती चिऊ म्हणायची, ते थांबलं. बोलायला उशीर होणारी पोरं मी पाहिली होती. आलेलं बोलणं परत जाताना कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि मला जवळ बोलावलं. आबाही आले होते, ते दाराशीच उभे होते. फोटोत पोटाच्या जागी पांढरे बारीक कण होते, विखुरलेले. डॉक्टर काही सांगायच्या आत आबा पुढं झाले, मान तिरकी करून त्यांनी ते बघितलं, जसं घमेल्यात बघायचे तसं. सगळं आयुष्य त्यांनी काळ्यातला चमकता कण शोधण्यात घालवलं होतं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते बाहेर जाऊन बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

रक्त तपासायला बाहेरगावी गेलं आणि चिठ्ठी आली. रक्तात शिसं होतं, आणि डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं की फार होतं. त्यांनी विचारलं, घरी काय काम चालतं? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मुलगी माती, राख असलं काही खाते का? मी तेही सांगितलं. ते थोडा वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता."

शिकलेला होतो. आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी सोल्डरची तार हातात देऊन सांगितलं होतं, यात साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं असतं, काम झालं की हात धुवायचे, धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. परीक्षेला हा प्रश्न आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता. बोर्डावरचा एकेक सांधा शिशाचा असतो हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. दुकानात मी रोज हात धुऊन मगच डबा खायचो. घरी आलो की माझ्या लेखी ती राख राख व्हायची, आबांची, आईची, लहानपणी खाल्लेली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि मी त्या एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. आई अडाणी म्हणून चुकली असं लोक म्हणतात. मी शिकून चुकलो, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

औषधं झाली. शिसं ओढून काढणारं औषध असतं, ते देताना पोर उलट्या करायची आणि बायको तिचं डोकं धरून बसायची. रक्तातलं शिसं उतरलं. डॉक्टर भले माणूस होते, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, पुढचं नुकसान थांबलं, झालेलं भरून येईल असं मी सांगणार नाही. बायकोनं मला त्यांच्यासमोर विचारलं, "म्हंजे ती अशीच ऱ्हानार?" मी डॉक्टरांकडं बघितलं आणि डॉक्टरांनी कागदाकडं. त्या दिवसानंतर बायकोनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आईनं डबा साबणानं घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासला. आठवडाभर घासत होती, मग मीच तो उचलून ठेवला. ती आता नातीला मांडीवर घेत नाही. पोर आपणहून जाऊन बसली तर हात वर धरून बसते, जणू तिच्या हातांनाच काही लागलेलं आहे. मी समजावलं की आई, तुला कुठं ठाऊक होतं. ती म्हणाली, "तिचं तोंड पुसून तिला कोन परत डब्याकडं सोडत हुतं?"

ड्रम मोडला, काम बंद झालं, राहिली राख. सात पोती. ती कुठं टाकायची? हा प्रश्न सोपा वाटतो. मी आधी घंटागाडीवाल्याकडं गेलो. त्यानं पोतं हलवून बघितलं. "पावणं, लई वजन हाय. काय हाय ह्यात?" मी खरं सांगितलं. त्यानं पोतं खाली ठेवलं आणि म्हणाला, "घरातली राख म्हनला असतासा तर घेतलं असतं की. आता ठाऊक झाल्यावर कसं घिऊ?" त्याचं बरोबर होतं. पंचगंगेत टाकण्याचं मनात आलं नाही असं नाही, पण तेच पाणी नळाला येतं. मेव्हणा म्हणाला, आमच्या उसात टाका, राख खताला चांगली. त्याला मी तिथंच हात जोडले. फोन करून एका कारखान्याचा पत्ता मिळवला, तर ते म्हणाले आम्ही वस्तू घेतो, त्याही गाडीभर.

मग एका रविवारी आमच्याच भागातल्या चौकात ई-कचरा गोळा करण्याचा कार्यक्रम झाला. मांडव, फलक, स्पीकर. लोक जुने चार्जर आणि रिमोट घेऊन आले होते आणि ते पेटीत टाकताना फोटो काढून घेत होते. मी सायकलवर एक पोतं लादून नेलं. टेबलाशी कॉलेजातली एक मुलगी होती, फार नम्र. पोत्याचं तोंड उघडून बघून ती म्हणाली, "काका, राख नाही घेत आम्ही. वस्तू असेल तर आणा." मी म्हणालो, ह्या वस्तूच होत्या. ती हसली आणि माझ्यामागच्या माणसाचा रिमोट घेतला. कार्यक्रम संपल्यावर ती पेटी कुठं गेली ते मी विचारलं नाही. ओळखीच्या भंगारवाल्याचा टेम्पो कोपऱ्यावर उभा होता, तेवढं दिसलं.

मी दुकानात अजून काम करतो. दुसरं काही येत नाही. मागच्या खोलीत ढीग साठतो आणि भंगारवाला येऊन घेऊन जातो, आता तो माल गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरात जातो. मी एकदा तिथं जाऊन आलो. अंगणात ड्रम, बाजूला घमेली. एक तरुण बाई, कडेवर मूल, मुलाची बोटं काळी. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मुलीचं, फोटोतल्या कणांचं. तिनं नीट ऐकून घेतलं, प्यायला पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमचं लई वाईट झालं बगा, पावणं. पन आमी राख खात न्हाय. आमाला काय हुतंय?" मुलानं बोट तोंडात घातलं होतं. मी ते दाखवलं. तिनं ते काढलं, पदराला पुसलं, आणि ते पुन्हा तोंडात गेलं. मी उठून आलो. पुढच्या आठवड्यात बोर्डांचा गठ्ठा सुतळीनं बांधून मीच भंगारवाल्याच्या टेम्पोत ठेवला, कारण ते माझं काम आहे. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं बांधला असता, असं म्हणता येतं. माझं तेही स्वतःला म्हणून झालंय.

सातही पोती घरातच आहेत. परड्यातल्या न्हाणीला कुलूप लावून त्यात ठेवलीत आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या मोरीत अंघोळ करतो. आबा रोज एकदा ते कुलूप ओढून बघतात.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. वेगळ्या शाळेत जाते. तिथल्या बाई जीव लावून शिकवतात, पण सकाळी शिकलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. आपल्या गल्लीचं वळण तिला सांगता येत नाही. आबांनी घमेलं हातात घेऊन एक पाणी म्हटलं तर ती दोन पाणी म्हणते आणि तिथं थांबून आमच्या तोंडाकडं बघते, पुढचं आम्ही सांगू म्हणून. फक्त एक गोष्ट ती विसरलेली नाही. राखेची चव.

न्हाणीची किल्ली आम्ही जागा बदलून ठेवतो. देव्हाऱ्यामागं, तांदळाच्या डब्यात, बायकोच्या ब्लाउजच्या घडीत, एकदा तर माळ्यावर मोडक्या टेबलफॅनच्या जाळीत. दर खेपेला दोन-तीन दिवसांत ती तिला सापडते. कुणी हात वर केला, कुणाची नजर कुठं गेली, हे ती कोपऱ्यात बसून बघत असते, लक्षात ठेवते आणि घरात कुणी नाही असा मोका बरोबर साधते. परवा मी दुपारी जेवायला आलो तर ती न्हाणीच्या दाराशी उभी होती, कुलूप उघडलेलं, किल्ली मुठीत. मला बघून हसली, पूर्वी हसायची तशी.

आणि मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाठ केलेलं काही न टिकणाऱ्या पोरीनं माझी चाल ओळखली होती, जागा शोधली होती, वेळ धरली होती, म्हणजे आत कुठंतरी ती अजून आहे, हुशार, दहा पाणी मोजणारी. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो आणि ओरडायचं विसरलो. तेवढ्या वेळात तिनं दुसरा हात पोत्यात घातला होता.

मग मी तिला मोरीवर नेऊन तिचे हात साबणानं धुतले, तोंडात बोट घालून जीभ पुसली. तिनं मूठ उघडली नाही. एकेक बोट सोडवून किल्ली काढून घ्यावी लागली.